सांध्यावरची पट्टी : हायड्रोजनची गळती ओळखणाऱ्या लवचीक ग्राफीन संवेदकांच्या अभ्यासाला प्रस्तावना

इंदूरच्या सुदामा नगरात घरोघरी जिन्याखाली नाहीतर गच्चीच्या दारापाशी इन्व्हर्टरची बॅटरी असते. अधूनमधून तिच्या टोप्या उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायचे काम घरातल्या कुणाच्या तरी गळ्यात पडलेले असते. बॅटरीतले पाणी कमी होते ते सगळेच काही वाफ होऊन उडत नाही. बॅटरी पुरती भरल्यावरही चार्जर चालू राहिला की पाण्याचे विघटन होते, दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन सुटतो आणि टोपीच्या बारीक भोकांतून बाहेर पडतो. बॅटरीच्या जागेला वारा हवा, जवळ देवाचा दिवा किंवा शेगडी नको, असे बसवणारा माणूस बजावतो ते याच कारणाने. या पुस्तकाचा विषय असलेला वायू असा आपल्या घरात केव्हाच राहायला आलेला आहे. फक्त त्याची कुणी दखल घेत नाही, आणि थोड्या प्रमाणात, मोकळ्या हवेत असेपर्यंत तशी गरजही पडत नाही.

इंदूरचा आणि हायड्रोजनचा संबंध आता बॅटरीपुरता राहिलेला नाही. जानेवारी २०२२च्या अखेरीस गेल या सरकारी कंपनीने इंदूरच्या सिटी गेट स्टेशनवर नैसर्गिक वायूत हायड्रोजन मिसळायला सुरुवात केली. शहराच्या गॅसजाळ्यात हायड्रोजन सोडण्याचा देशातला हा पहिलाच प्रकल्प. मिश्रण घेणारी वितरण कंपनी अवंतिका गॅस. आकारमानाने सीएनजीच्या जाळ्यात दोन टक्के आणि नळाने येणाऱ्या पीएनजीच्या जाळ्यात पाच टक्के, असे प्रमाण पुढे जाहीर झाले. त्याच वेळी हेही सांगायला हवे की सुरुवातीचा हायड्रोजन ‘करडा’ होता, म्हणजे नैसर्गिक वायूपासूनच बनवलेला. त्यामुळे हवामानाच्या हिशेबात त्यातून पदरात काही पडले नाही. हायड्रोजन अगदी हरित धरला, तरी पाच टक्के मिश्रणाने तेवढ्याच उष्णतेमागे कार्बन डायऑक्साइड घटतो तो जेमतेम दीड टक्का, कारण हायड्रोजनची आकारमानी ऊर्जा मिथेनच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. प्रकल्पाचे खरे मोल वेगळे आहे. मीटर, रेग्युलेटर, गॅस्केट, जुने-नवे सांधे या वायूशी कसे वागतात, हे चालत्या शहरात पाहायला मिळाले. पुढे मे २०२४मध्ये गुना जिल्ह्यातल्या विजयपूरला गेलनेच दहा मेगावॉटचा विद्युत-विघटन प्रकल्प सुरू केला. त्याची क्षमता दिवसाला ४.३ टन हरित हायड्रोजनची आहे. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी मंजुरी दिली, खर्च १९,७४४ कोटी रुपये. पुण्यात ऑगस्ट २०२२मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी मिळून केलेली हायड्रोजनवरची बस लोकांसमोर आली. थोडक्यात, हा वायू आता कारखान्याच्या कुंपणाबाहेर पडतो आहे.

कुंपणाच्या आत तो पूर्वीपासून आहेच. वनस्पती तुपाचे कारखाने, कॉस्टिक सोड्याचे कारखाने, औष्णिक वीजकेंद्रे ही त्याची जुनी ठिकाणे. २१० मेगावॉटच्या जुन्या संचांतली जनित्रे हायड्रोजननेच थंड ठेवतात. तिथली माणसे प्रशिक्षित असतात, गस्त असते, नोंदवही असते. बसच्या डेपोत, भरणा केंद्रावर किंवा वसाहतीच्या गॅसखोलीत तशी गस्त चोवीस तास कुणी घालणार नाही. संवेदकाची गरज तिथून सुरू होते.

आधी या वायूचा स्वभाव ओळखून घ्यावा. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत चार टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो आणि पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत पेटू शकतो. मिथेनची हीच मर्यादा पाच ते पंधरा टक्के आहे. पेटायला लागणारी ठिणगी मिथेनच्या मानाने सुमारे पंधरावा हिस्सा पुरते. नायलॉनचा कपडा अंगावरून काढताना जी चटचट होते तीही त्याला जास्तच. शुद्ध हायड्रोजनची ज्योत फिकट निळी असते आणि भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मर्कॅप्टनचा उग्र वास मुद्दाम दिलेला असतो, त्यामुळे आपले नाक हाच घरातला पहिला संवेदक ठरतो. मिश्र वायूत तो वास कायम राहतो, हे बरे. शुद्ध हायड्रोजनला मात्र असा वास देता येत नाही, कारण गंधक असलेली ही द्रव्ये इंधन-घटाच्या उत्प्रेरकाला बाधतात. जिथे शुद्ध हायड्रोजन उतरवून घेतात आणि मिसळतात, तिथे नाकाचा उपयोग संपला.

आणखी एक गोष्ट. एलपीजी हवेहून जड, तो गळला की जमिनीलगत पसरतो. हायड्रोजन हवेच्या चौदाव्या हिश्शाएवढा हलका. तो सरळ वर जातो. उघड्यावर ही त्याची चांगली खोड आहे, कारण बघता बघता तो विरून जातो. छताखाली मात्र तीच खोड घात करते. आपल्याकडच्या आरसीसी स्लॅबला तुळयांमुळे चौकोनी खण पडतात आणि हलका वायू नेमका त्या खणांत अडकून बसतो. मार्च २०११मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांच्या इमारतींत वरच्या मजल्यांवर साचलेल्या हायड्रोजननेच स्फोट झाले होते. म्हणून नेहमीचा शिरस्ता असा की संवेदक छताला लावावा. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. सांध्यापासून छतापर्यंत पोचताना वायू पंख्याने, वाऱ्याने, दार उघडल्याने पातळ होतो, भलतीकडे वाहतो. छतावरच्या डबीला खबर लागते तेव्हा गळती सुरू होऊन वेळ गेलेला असतो, आणि ती नेमकी कुठल्या सांध्यातून होते आहे हे तर कळतच नाही.

गळती बहुधा सांध्यातूनच होते. सलग पोलादी नळी क्वचित दगा देते. दगा देतात ते फ्लँज, युनियन, व्हॉल्व्हची दांडी, सिलिंडरचा मुखभाग. १० जून २०१९ रोजी नॉर्वेत, ऑस्लोजवळच्या सँडविका इथे एका हायड्रोजन भरणा केंद्रावर स्फोट झाला. केंद्रात आधुनिक उपकरणांची वानवा नव्हती. तपासात निघाले ते इतके साधे की वाचणाऱ्याला चुटपुट लागते: उच्च दाबाच्या टाकीच्या बुचाची जोडणी करताना आतले बोल्ट पुरेसे आवळले गेले नव्हते. तिथून वायू झिरपला, साचला, पेटला.

आपल्याकडे गॅसची नवी जोडणी झाली की मिस्त्री साबणाचा फेस ब्रशने सांध्यावर फासतो आणि डोळे बारीक करून बघतो. बुडबुडा फुगला की पाना अर्धा आटा फिरवतो, पुन्हा फेस लावतो. ही तपासणी स्वस्त आहे, विश्वासू आहे आणि शंभर प्रयोगशाळांनी हिला हसू नये. तिची मर्यादा एकच: फेस सुकला की पहारा संपला. या पुस्तकात ज्या संवेदकांची चर्चा आहे त्यांचे काम एका वाक्यात सांगायचे तर न सुकणारा फेस सांध्याभोवती कायमचा गुंडाळून ठेवणे. नळी गोल असते, फ्लँजला कडा असतात, व्हॉल्व्हला खाचाखोचा असतात. ताठ चकती तिथे बसत नाही. म्हणून लवचीकपणा या क्षेत्राच्या मुळाशी आहे. तो मनगटावरच्या शोभेच्या उपकरणांसाठी आहे, असा समज पुष्कळ लेख वाचून होतो. तो समज दारातच सोडून आत यावे, अशी माझी विनंती आहे.

संवेदकांचा इतिहास इथे विस्ताराने सांगत नाही. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२मध्ये कथिलाच्या ऑक्साइडवर आधारलेला वायुसंवेदक पुढे आणला, त्यातून घरगुती गॅस-अलार्म घराघरांत गेले. १९७५मध्ये स्वीडनमध्ये लुंडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी पॅलेडियमचे द्वार असलेला हायड्रोजन-संवेदी ट्रान्झिस्टर दाखवला. पहिल्या प्रकाराला दोनशे-तीनशे अंशांची ऊब सतत द्यावी लागते, दुसरा सिलिकॉनच्या ताठ तुकड्यावर बसतो. नळीभोवती गुंडाळायला दोन्ही निरुपयोगी.

ऑक्साइडांच्या त्या परंपरेची एक शाखा आपल्या खानदेशात आहे, तिच्याजवळ थोडे थांबू. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात प्रा. एल. ए. पाटील आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जाड थराच्या संवेदकांवर वर्षानुवर्षे काम केले आणि ते आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आले. त्यांची तपासणीची मांडणी नवशिक्याने जरूर बघावी. एका पाटावर तापक, त्यावर पडदा-छपाईने केलेली ऑक्साइडची पट्टी, वर काचेची घंटा, आणि बाजूच्या छिद्रातून सिरिंजने मोजून सोडलेला वायू. घंटेचे आकारमान ठाऊक, सिरिंजमधले ठाऊक, भागाकार केला की वायूचे प्रमाण हाती येते. पट्टीतून जाणारा प्रवाह मोजायचा, वायू सोडायचा, प्रवाह किती बदलला ते लिहायचे, घंटा उचलून हवा खेळू द्यायची, पुन्हा लिहायचे. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात उभे राहू शकणारे हे शास्त्र आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे, पी. एस. पाटील प्रभृतींनी रासायनिक पद्धतींनी पातळ थर बसवण्याची जी घडी घातली, तिचेही मोल असेच. महागड्या निर्वात यंत्राशिवाय, चंचुपात्रात किंवा फवाऱ्याने थर देता येतो हे कळले की लवचीक पट्टीवर थर देण्याची भीती निम्मी होते.

आता ग्राफीन. मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४मध्ये चिकटपट्टीने ग्राफाइट सोलत सोलत कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा वेगळा केला. २०१०चे भौतिकीचे नोबेल त्यांना मिळाले. जाडी सुमारे ०.३४ नॅनोमीटर. अशा पापुद्र्यात ‘आत’ असा भागच नाही, प्रत्येक अणू पृष्ठावर, हवेला भिडलेला. म्हणून पृष्ठावर काही येऊन बसले की त्याचा परिणाम संपूर्ण पापुद्र्याच्या वाहकतेवर होतो. २००७मध्ये त्याच मंडळींनी नायट्रोजन डायऑक्साइडचा एकेक रेणू बसल्या-उठल्याची चाहूल ग्राफीनला लागते हे दाखवले आणि वायुसंवेदनाच्या जगात एकच धांदल उडाली.

गंमत अशी की हायड्रोजनकडे स्वच्छ ग्राफीन ढुंकून बघत नाही. हायड्रोजनचा रेणू त्याला जेमतेम टेकतो नि निघून जातो. हायड्रोजनला धरणारा धातू आहे पॅलेडियम, आणि त्याची ख्याती १८६६पासून, थॉमस ग्रॅहॅम यांच्या प्रयोगांपासून आहे. स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे नऊशे पट हायड्रोजन तो पोटात घेतो. पॅलेडियमच्या पृष्ठावर रेणूचे दोन अणू सुटे होतात, धातूच्या जाळीत शिरतात, त्यामुळे धातूचे कार्यफलन, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडायला लागणारी ऊर्जा, घटते आणि काही इलेक्ट्रॉन शेजारच्या ग्राफीनमध्ये उतरतात. हवेत ठेवलेल्या ग्राफीनमध्ये वाहतुकीचे काम धनभारित ‘विवरे’ करत असतात. आलेले इलेक्ट्रॉन त्या विवरांना बुजवतात, वाहक कमी होतात, रोध वाढतो. ही वाढ मोजली की हायड्रोजन मोजला. हायड्रोजन गेला की धातूच्या पृष्ठावर उरलेले अणू हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पाणी होतात आणि पट्टी हळूहळू मूळपदावर येते. सगळे खोलीच्या तापमानाला, तापक न लावता. स्फोटक वायूच्या शेजारी तापलेली वस्तू नसणे, हा फायदा वेगळा सांगायला नको.

पकडणारा पॅलेडियम, मग नाव ग्राफीनचे का? थोडे फॅशनमुळे, हे मोकळेपणाने मान्य करू. पण सगळेच फॅशनमुळे नाही. पॅलेडियमचा सलग थर हायड्रोजन शोषताना फुगतो, सोडताना आकसतो, आणि असे अनेकदा झाले की त्याला भेगा पडतात, पापुद्रे सुटतात. तोच पॅलेडियम काही नॅनोमीटरच्या सुट्या कणांच्या रूपात ग्राफीनवर विखुरला तर प्रत्येक कण आपापल्यापुरता फुगतो, शेजाऱ्याला ढकलत नाही. ग्राफीन त्या कणांची खबर वाहून नेते आणि वाकवले तरी तुटत नाही. कण पकडतात आणि ग्राफीन कळवते, अशी ही कामाची वाटणी आहे. २०१०च्या सुमारास ग्राफीनवर पॅलेडियमचे कण बसवून हायड्रोजन ओळखल्याचे निबंध आले आणि दोनएक वर्षांत हीच रचना लवचीक प्लास्टिकवर उतरली.

हातात घेतली तर पट्टी अगदी सामान्य दिसते. पॉलिइमाइडची मधासारख्या रंगाची फिल्म, तिच्यावर काळसर डाग किंवा नागमोडी रेघ, दोन टोकांना चांदीच्या लेपाचे ठिपके, त्यांना चिकटवलेल्या बारीक तारा. काळा डाग बहुतेकदा क्षपित ग्राफीन ऑक्साइडचा असतो. ग्राफाइटला आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटने ऑक्सिडाइज करायचे ही १९५८ची हमर्स पद्धत, त्यातून पाण्यात मिसळणारा ग्राफीन ऑक्साइड मिळतो. तो शाईसारखा छापायचा आणि मग त्यातला ऑक्सिजन काढून टाकायचा. २०१४पासून आणखी एक वाट खुली झाली आहे. पॉलिइमाइडवर कार्बन डायऑक्साइड लेझर फिरवला की त्या फिल्मचेच सच्छिद्र ग्राफीन होते. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातली ही युक्ती लेझरची नक्षी कोरणाऱ्या साध्या यंत्रावरही करता येते, आणि तशी यंत्रे आता ट्रॉफ्या नि नेमप्लेट करणाऱ्या दुकानांतही असतात.

इथपर्यंत सगळे गोड वाटते. अडचण सुरू होते ती पट्टी नळीभोवती गुंडाळल्यावर. ग्राफीनच्या पापुद्र्यांचा थर ताणला की पापुद्र्यांतले सांधे विलग होतात आणि रोध वाढतो. याच गुणावर ग्राफीनचे ताण-मापक बनतात! म्हणजे आपली पट्टी एकाच वेळी हायड्रोजन-मापक आहे आणि ताण-मापकही. वाकणे, नळीचे थरथरणे, हायड्रोजनची चाहूल, तिन्हींची नोंद रोधाच्या एकाच आकड्यात. त्यात मे महिन्यातले इंदूरचे ऊन धरा: उघड्यावरची नळी दुपारी हात लावू देत नाही आणि पहाटे निवलेली असते. तापमानाने रोध बदलतो तो वेगळा. रोध वाढला म्हणून भोंगा वाजला, धावत गेलो, तर नळीवर फक्त ऊन आले होते, असे चार वेळा झाले की पाचव्या वेळी कुणी जागचे हलत नाही. खोट्या इशाऱ्याचा धोका गळतीच्या धोक्याइतकाच मोठा मानावा.

यावरचा एक जुना आणि सुंदर उपाय म्हणजे जुळ्या पट्ट्या. एकीवर पॅलेडियम, दुसरीवर नाही. दोन्ही शेजारी शेजारी, एकाच फिल्मवर. दोन्ही सारख्याच वाकतात, सारख्याच तापतात, हायड्रोजन मात्र एकीलाच कळतो. त्यांना व्हीटस्टनच्या सेतूत जोडले की समान बदल आपोआप वजा होतो. बारावीच्या प्रयोगशाळेत मीटर-ब्रिजवर कंटाळत केलेला प्रयोग इथे कामी येतो. दुसरा उपाय यांत्रिक: थरांची जाडी अशी निवडायची की वाकवताना जो मधला स्तर ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही, नेमका तिथे ग्राफीनचा थर यावा. वायूला आत येण्यासाठी वरचे आवरण झिरपते हवे, आणि तिथे हे गणित अवघड होते.

मग दमटपणा. जून ते सप्टेंबरमध्ये माळव्यातली हवा ओली असते. ग्राफीनवर पाण्याचे रेणू बसले की तेही विवरांची संख्या बदलतात आणि शून्याची रेघ सरकत राहते. पॅलेडियमला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड बाधतात, ते त्याचे पृष्ठ अडवून बसतात. गटारे, वाहनांचा धूर, डिझेल जनित्रे यांच्या शहरात ही गोष्ट किरकोळ नाही. वरून पातळ बहुलकाचा थर देऊन मोठे रेणू अडवायचे आणि लहानगा हायड्रोजन आत सोडायचा, हा उपाय बऱ्यापैकी चालतो, पण प्रतिसाद मंदावतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने हायड्रोजन-संवेदकासाठी ठेवलेली लक्ष्ये इथे आठवावीत: ०.१ ते १० टक्के हायड्रोजन, एका सेकंदाच्या आत प्रतिसाद, उणे ३० ते ८० अंश सेल्सिअस तापमान, १० ते ९८ टक्के आर्द्रता, आणि दहा वर्षांचे आयुष्य. यातली एकेक अट पाळणारे निबंध ढीगभर सापडतील. सगळ्या अटी एकदम पाळणारी पट्टी अजून घडायची आहे.

निबंध वाचताना एका मोहापासून सावध राहावे. दहा लाखांत एक भाग, त्याहूनही कमी, असे विक्रम ठळक छापलेले असतात. सुरक्षेच्या दृष्टीने त्याची फारशी गरज नाही. पेट घेण्याची मर्यादा चार टक्के, म्हणजे दहा लाखांत चाळीस हजार भाग. इशारा साधारण तिच्या दहाव्या हिश्शाला, चार हजार भागांना, दिला जातो. हवेतच मुळी दहा लाखांत सुमारे अर्धा भाग हायड्रोजन असतो. सूक्ष्मतेची गरज आहे ती दुसऱ्या कामाला. गळालेला हायड्रोजन वातावरणातले हायड्रॉक्सिल मूलक खर्च करतो, त्यामुळे मिथेन जास्त काळ टिकतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हायड्रोजनचा अप्रत्यक्ष तापमानवाढ-परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अकरा-बारा पट धरला जातो. तेव्हा बारीक झिरपण्याचा हिशेब ठेवणे आणि स्फोट टाळणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि एकाच पट्टीकडून दोन्हींची अपेक्षा करणारा निबंध जरा सबुरीने वाचावा. आलेख उघडला की मी आधी उंच सुळका बघत नाही. सुळक्यानंतर रेघ मूळ पातळीवर परत आली का, किती वेळात आली, चाचणी कोरड्या नायट्रोजनमध्ये झाली की खऱ्या हवेत, आणि पट्टी किती त्रिज्येला वाकवून तपासली, एवढे आधी पाहतो.

या विषयात यायला काय लागते, असे विद्यार्थी विचारतात. बारावीपर्यंतचे भौतिकी आणि रसायन, सोल्डरिंगचा सराव आणि वायूच्या सिलिंडरबद्दल आदर. सुरुवात ग्राफीनपासून न करता पॅलेडियमपासून करावी. तो कळला की बाकीचे सोपे जाते. चाचणीसाठी शुद्ध हायड्रोजन हाताळायची गरज नसते, नायट्रोजनमध्ये पातळ केलेले मिश्रण सिलिंडरमध्ये मिळते आणि चार टक्क्यांच्या खालचे मिश्रण घेणे शहाणपणाचे. इंदूरकरांना तर सोयीच सोयी आहेत. राजेंद्र नगरच्या बाजूला राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, लेझरचे काम तिथे सुरुवातीपासूनचे, आणि इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरणांनी पदार्थाची रासायनिक अवस्था तपासता येते. देवी अहिल्या विद्यापीठाच्या परिसरात यूजीसी-डीएई संशोधन संकुल आहे, सिमरोलला आयआयटी. सुदामा नगरातल्या घरातून निघून यांतल्या कुठल्याही दाराशी सकाळी पोचता येते.

पुढची प्रकरणे पदार्थ, छपाई, वाकवण्याच्या चाचण्या आणि विद्युत मंडल या क्रमाने येतात. शेवटचे प्रकरण परवानगीचे आहे आणि ते गाळून पुढे जाऊ नये. स्फोटक वातावरणात लावायच्या विद्युत उपकरणांच्या वर्गवारीत हायड्रोजनचा समावेश आयआयसी या सर्वांत कडक गटात होतो. पट्टी स्वतः थंड असली तरी तिच्या तारा, बॅटरी, रेडिओ-प्रेषक यांतून ठिणगीपुरती ऊर्जा कधीच बाहेर पडणार नाही, हे सिद्ध करून दाखवावे लागते. भारतात अशा उपकरणांना मान्यता देणाऱ्या पेसो या संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. प्रयोगशाळेत चाललेली पट्टी भरणा केंद्राच्या फ्लँजवर गुंडाळायची, तर तिचा अर्ज तिथूनच पार व्हावा लागतो, आणि मंडलाचा आराखडा पहिल्या दिवसापासून ते लक्षात ठेवून काढलेला असला तर पुढची खेप वाचते.